आगाईंना विचारलेला प्रश्न

तोलोमुश आगाई, तुम्हा मास्तरांना सलाम.

तब्येतपाणी विचारत बसत नाही, मला घाई आहे. माझी नात बेगायिम तुमच्या कॉलेजात शिकते. वर्गात जो प्रश्न विचारणार नाही त्याला पास करणार नाही, असं म्हणालात म्हणे! अहो, मोठ्यांपुढे पोरीनं मान खाली घालून चहा ओतायचा, एवढंच आम्ही तिला शिकवलंय. आता ती बोलणार कशी? तिला तशीच पास करून टाका.

एवढं लिहिलं आणि पोरगी घरी आली. म्हणाली, "आजी, आज विचारला प्रश्न."

"काय विचारलंस गं?"

"म्हटलं, आगाई, आम्ही बोलावं असं तुम्हाला वाटतं ना? मग आम्ही बोलायला लागलो की तुम्ही घड्याळ का बघता?"

"मेले मी! मग?"

"हसले. घड्याळ काढून खिशात टाकलं आणि म्हणाले, बोल आता."

आगाई, माणूस बरे दिसता. जेवायला या, मेंढी कापते. पण निकाल लागल्यावर या, आधी आलात तर लोक नावं ठेवतील.

हे वाचून कार्टी म्हणते, "आजी, पत्र राहू दे. त्यांना मीच सांगते."

बेगायिमची आजी,
सायराकान, मुक्काम नारिन