कुंडाचे चार दिवस

अण्णा,

भंगारवाला दारात उभा आहे आणि मला त्याला आत ये म्हणवत नाही. सोसायटी पाडणार आहेत, गॅलरी आजच रिकामी करायची आहे, आणि गोणपाटाखाली तुमचं यंत्र अजून तसंच आहे. मी सरळ स्वयंपाकघरात येऊन हे लिहायला बसले.

इथेच, ओट्यापाशी, तुम्ही मला थर्मामीटर वाचायला शिकवलात. पावणे गावातल्या कारखान्यातून धुराचा वास घेऊन यायचात आणि आत्याच्या गावच्या गरम पाण्याच्या कुंडाबद्दल बोलत सुटायचात. "ना कोळसा, ना धूर. जमिनीनं चूल पेटवून ठेवलीये, आणि आपण नुसते पाय शेकतोय!" कुंडाच्या पाण्यानं लवकर उकळणारं एक द्रव तापवायचं, त्याच्या वाफेवर चाक फिरवायचं, चाकावर दिवा लावायचा. शंका एकच होती. पावसाळ्यात नदी चढली की कुंड निवतं का? तुम्हाला रजा मिळेना, म्हणून श्रावणात कॉलेज बुडवून मी गेले. निघण्याआधी घरी सराव करताना बादलीतला थर्मामीटर मी बाहेर काढून वाचला तेव्हा केवढे ओरडला होतात! "पाण्यात धरून वाच. अंदाजपंचे लिहायचं असेल तर जाऊच नकोस."

पहिला आठवडा मी इमानदारीत लिहिलं. मग एका सकाळी मी बाजूला बसले. आत्या म्हणाली, "चार दिस कुंडाकडं फिरकायचं नाय. देवीचं पानी हाय ते." तिला आकडे वाचता येत नव्हते. तुम्हाला काय कळवणार होते मी? आपल्या घरात बापासमोर तो विषय निघतच नव्हता. पाऊस धो धो कोसळतोय, मागच्या पडवीत बसून मला नदीचा आवाज ऐकू येतोय, आणि मी वहीत आधीच्या आठवड्याचे आकडे थोडे इकडेतिकडे करून उतरवतेय.

त्या वहीच्या भरवशावर तुम्ही पुढच्या पावसात कारखान्याच्या साहेबांना यंत्र दाखवायला गावी नेलंत. दिवा लागला. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. दुपारी नदी चढली, तिचं पाणी खालून, कुणाला न दिसता, कुंडात शिरलं, दिवा पिवळा पडत विझला. साहेब चिखल तुडवत जीपकडे गेले, आणि तुम्ही म्हणालात, "पोरीची वही चोख आहे. माझंच जोडकाम कच्चं." नंतर कितीतरी वर्षं, प्रत्येक रविवारी, गॅलरीत तेच जोड उकलून पुन्हा डाख द्यायचात. मी चहा आणून ठेवायचे. हॉस्पिटलातसुद्धा बोटं चादरीवर चाळवत विचारलंत, "कुठं गळत असेल गं?" मी तुम्हाला पाणी पाजलं. अण्णा, तेव्हा का नाही तोंड उघडलं मी? जीव तुटतो हो आता, पण सांगू कुणाला?

बेल पुन्हा वाजतेय. यंत्र देऊन टाकते. वही नाही देणार. हा कागदही तिच्यातच ठेवते, त्या पानावर. चार दिवसांचं एक वेळ सोडा, तेव्हा मला जाताच येत नव्हतं. पाचव्या दिवशी न्हाऊन मी कुंडावर गेले होते. थर्मामीटर पाण्यात धरूनच वाचला, तुम्ही शिकवलं होतं तसाच. पाणी कोमट होतं. आधीचे चार आकडे खोटे दिसतील म्हणून मी पाचवाही तसाच लिहिला.