ॲन्युलस म्हणजे वायसर नव्हे

ती. आत्या,

कड्याच्या मधली मोकळी जागा कड्याचा भाग असते की नसते? मला सांगता येत नाही. तीन आठवडे झाले, पगार याच प्रश्नाचा खातेय, तरी येत नाही. पण आधी रीतसर नमस्कार. इथूनच वाकून केला. (खरंच वाकले होते. घरमालकीणबाई दारातून जात होत्या, म्हणाल्या, काय पडलं गं?) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो, की आता फक्त तू कुरकुरतेस? मी बरी आहे. जेवते. वेळेवर जेवते. दोन्ही वेळा जेवते. एवढं लिहिलं म्हणजे रविवारच्या फोनवरची पहिली दहा मिनिटं वाचतील.

तू शेजारीपाजारी ‘भाची मोठ्या ऑफिसात आहे’ असं सांगत असतेस, म्हणून ते केवढं मोठं ते सांगून टाकते. तीन खोल्या, पाच टेबलं, आणि एक पंखा, जो फक्त संपादकांकडे बघून फिरतो. बाकी सगळीकडे कार्डांचे ड्रॉवर. आम्ही तांत्रिक शब्दांचा कोश करतो. प्रत्येक शब्दाला एक कार्ड. संपादकांना आम्ही आपसात पूर्णविराम म्हणतो, कारण ते बोलले की पुढे कुणी बोलत नाही. त्यांचा नियम असा की व्याख्या लिहून झाली की ती एखाद्या कारागिराच्या हातात द्यायची. चित्र दाखवायचं नाही, मूळ शब्द सांगायचा नाही. नुसत्या व्याख्येवरून त्याने वस्तू करून दिली तर कार्ड पास. मला हा नियम ऐकून पहिल्या दिवशी भरून आलं होतं. ज्ञान लोकांपर्यंत पोचलं पाहिजे, असं मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षी निबंधात लिहिलं होतं, आणि इथे ते चक्क नियमात बसवलेलं! तर मला मिळालेलं कार्ड होतं ‘ॲन्युलस’.

मी शब्दाच्या मुळापासून सुरुवात केली. मूळ लॅटिन. अर्थ लहानसं कडं, बोटातली अंगठी. त्यावरूनच त्या भाषेत अंगठीच्या बोटाला नाव पडलं. (आपण त्याच बोटाला अनामिका म्हणतो. त्यांनी अंगठी बघून नाव दिलं, आपण एवढी सोन्याची अंगठी घालूनही त्याला बिननावाचंच ठेवलं. मला त्या बोटाचं दिवसभर वाईट वाटत राहिलं.) पुढे हा शब्द कुठे कुठे गेला बघ: अळंबीच्या देठावर फाटक्या पडद्याचं कडं उरतं ते, कंकणाकृती ग्रहणात चंद्राभोवती सूर्य उरतो ते, भूमितीत मोठ्या वर्तुळातून धाकटं काढल्यावर उरतं ते. सोमवारच्या बैठकीत मी हे सगळं उभं राहून सांगितलं. तिथे थांबायला हवं होतं. पण हा शब्द ज्या थोरल्या शब्दाचं लेकरू आहे, तोही सांगणं मला प्रामाणिकपणाचं वाटलं. त्याचाही अर्थ कडंच. फक्त डॉक्टर लोकांनी तो शरीरातल्या एका विशिष्ट कड्याला देऊन टाकला. (तुझं मागच्या वर्षीचं मूळव्याधीचं ऑपरेशन आठव, म्हणजे कळेल.) मी स्पष्ट आवाजात, उदाहरणासकट सांगितलं. पंखा तेवढा फिरत राहिला. आमच्याकडे एक ज्येष्ठ बाई आहेत, त्यांना आम्ही तळटीप म्हणतो, कारण कुणी काही बोललं की त्या खालून एक ओळ जोडतात. त्या हळूच म्हणाल्या, “माहिती अचूक आहे.” पूर्णविरामांनी पाणी मागितलं.

मग परीक्षा. ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक लेथचं वर्कशॉप आहे. तिथल्या मिस्त्रींना मी पहिली व्याख्या नेऊन दिली: ‘दोन समकेंद्री वर्तुळांमधला सपाट भाग’. दुसऱ्या दिवशी त्यांनी पितळेची भरीव चकती दिली, वर दोन सुबक वर्तुळं कोरलेली. मी म्हटलं, मधलं काढायचं होतं. ते म्हणाले, “काढायचं कुठे लिहिलंय, बाई?” नव्हतं लिहिलं. मग तळटीपबाईंनी भाषा सोपी करायला सांगितली म्हणून लिहिलं, ‘भोक असलेली गोल चकती’. भोक आलं, अगदी कडेला, गळ्यात अडकवायच्या बिल्ल्यासारखं. तिसऱ्यांदा ‘मधोमध’ घातलं. या खेपेला भोक मधोमध होतं, दाभण जाईल एवढं. “केवढं ते लिहा ना,” मिस्त्री म्हणाले, “आणि साधा वायसर हवाय तर वायसर म्हणा की!” मी ताठ होऊन म्हटलं, वायसर नव्हे; वायसर हा याचा एक प्रकार. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला घराची फार आठवण आली.

चौथी व्याख्या सव्वा पानाची झाली. मिस्त्रींनी हात पुसले, ती शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “हे राहू द्या. आत काय बसणार आणि हे कशात बसणार, तेवढं सांगा. कडं आपोआप होतं.”

आत्या, मी तिथेच लोखंडाच्या किसावर बसले आणि रडले. मिस्त्री घाबरले, म्हणाले, फुकट करून देतो. त्यांना कसं सांगू, की हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. कुणी गिऱ्हाईक दारात आलं की बाबा जेवता जेवता हेच विचारायचे, आत काय बसणार, कशात बसणार. सात लॅटिन नोंदी वाचून मला जे लिहिता आलं नाही, ते आपल्या घरात ताटावर बसून रोज बोललं जायचं. आणि निघायच्या सकाळी बाबांनी माझी बॅग दोरीने बांधता बांधता विचारलं, तिथे तुझं काम नक्की काय गं? मला गाडीची घाई होती. मी म्हटलं, “तुम्हाला नाही कळायचं, बाबा.” (हे तुला माहीत नसेल. तू डबा भरत होतीस.) त्यांनी गाठ पुरी केली, बॅग रिक्षात ठेवली. तेव्हापासून पाच महिने फोन उचलला की “बरी आहेस ना? थांब, आत्याला देतो.” एवढंच. मग तू माझं प्रत्येक वाक्य ओरडून पुन्हा म्हणतेस, “जेवली म्हणते! पाऊस नाही म्हणते!” तुला वाटतं मला कळत नाही, ते तुझ्या बाजूलाच उभे असतात. मी मुद्दाम लांबलचक वाक्यं बोलते, म्हणजे तुला जास्त वेळ ओरडावं लागेल.

मिस्त्रींनी करून दिलेलं कडं उचललं तेव्हा मी न बघता कडेवरून अंगठा फिरवला, कुठे बोचतंय का ते पाहायला. ते म्हणाले, “घरी कोण आहे लेथवर?” मी म्हटलं, वडील. मग त्यांनी मला चहा दिला आणि पहिल्यांदाच बसायला स्टूल दिलं.

व्याख्या पास झाली: ‘एका गोल वस्तूभोवती बसणारा, दुसरीच्या आत मावणारा, आणि मधली जागा भरणारा भाग’. पूर्णविरामांनी दोनदा वाचली आणि काही बोलले नाहीत. आमच्याकडे यापेक्षा मोठं कौतुक होत नाही.

गुडघ्याला शेक घे. जास्त बोलू नकोस असं लिहिणार होते, पण मग मला कोण सांगणार?

तुझी,
वेळेवर जेवणारी

ता. क. खरं काम राहिलंच. यंत्रांच्या भागांचे आणखी अकरा शब्द माझ्याकडे आलेत. मिस्त्री चांगले आहेत, पण मला ते बाबांकडून तपासून हवेत. सोबतच्या कागदावर व्याख्या आहेत. त्या तू बाबांना वाचून दाखवशील? ‘पोरीचं अडलंय’ म्हणू नकोस. ‘ऑफिसला हवंय’ म्हण.

ता. क. २ (पाकिटाच्या पाठीवर लिहितेय, पोस्टाच्या खिडकीपाशी.) नाही. ऑफिसला नकोय, मला हवंय, आणि आत्याने ओरडून सांगायलाही नकोय. बाबा, पत्र आत्याला लिहिलं होतं, पण पाकिटावर नाव तुमचं घातलंय आणि पत्ता तुमच्या वर्कशॉपचा. तुम्हाला कळलं असतं. मलाच तेव्हा सांगता येत नव्हतं. खिडकीतल्या बाई विचारत होत्या, पत्ता नक्की बरोबर आहे ना, शिक्का मारू? मी हो म्हटलं. त्यांनी मारला.