खंडेनवमीला ठरलेली मारामारी

म्हैसूर,
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

तीर्थस्वरूप भागीरथीअक्काच्या पायांशी धाकट्या दत्तोजीचा दंडवत. इकडे आम्ही जिवंत आहोत. तुझे गुडघे कसे आहेत आणि तुमच्या तलकाड गावातली वाळू यंदा उंबऱ्याबाहेर थांबली की माजघरात आली, ते कळव. आता मुद्द्याचं. माझ्या भुजंगला तुझ्याकडे धाडतोय, वर्षभर ठेवून घे. असलं नेभळट कार्टं मला डोळ्यांसमोर नको.

मारुतीच्या देवळामागचं मैदान तुला ठाऊकच आहे. त्यावरून दोन टोळ्यांची तीन महिने जुंपलीय. एक आपली तालमीतली पोरं (सरदार भुजंग, वय पंधरा, मिशी अजून त्याच्या मनातच), दुसरी शाळेतली क्रिकेटवाली. त्यांचा म्होरक्या प्राणेश, नरसिंहमूर्ती मास्तरांचा मुलगा. ही आखाड्यासाठी माती उकरतात, ती येऊन सपाट करतात. ही त्यांना टोपीवाले म्हणतात, ती यांना मातीखाऊ. मी भुजंगला सांगितलं, तुझ्या आज्यानं घोड्यावरून तलवार चालवली आणि तू फळकुटवाल्यांना भितोस? (मास्तरांनीही घरी असंच काही शिकवलं असणार, ते दिसतात तेवढे साधे नाहीत.) शेवटी एकदाचा निकाल लावायचा ठरला. दिवस कोणता धरला या शहाण्यांनी? खंडेनवमी. का, तर शाळेला सुटी आणि वडीलधारी मंडळी राजवाड्याकडे.

आता नवमीला हत्यार पूजेला मांडलं की दशमीच्या उत्तरपूजेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हे तुझ्या गोठ्यातल्या म्हशीलाही कळतं. आळीत देऊळ एक, पुजारी एक. त्यानं यांच्या लाठ्या नि मुद्गल, त्यांच्या बॅटी नि स्टंप सगळं एका ओळीत मांडून सारखंच कुंकू लावलं. संध्याकाळी दोन्ही फौजा आल्या, देवळात डोकावल्या आणि थिजल्या. प्राणेश म्हणाला, "देवरदु, मुट्टबारदु." देवाचं आहे, शिवायचं नाही. त्यावर माझा वाघ म्हणतो, "हौदु, उद्या बघू." हो म्हणतो, हो! अरे, हत्यार नाही तर नाही, मुठी कुठे गेल्या होत्या? मी पोचलो तेव्हा दोन्ही टोळ्या त्याच मैदानात मांडी घालून पूजेचे चुरमुरे खात होत्या, आणि भुजंग प्राणेशच्या टोपीतून खात होता. टोपीतून, अक्का!

माझं डोकं फिरलं. तेवढ्यात मास्तर आले, त्यांचंही फिरलं. माझ्या मुलानं त्यांचा मुलगा बिघडवला म्हणे. शब्दानं शब्द वाढला. मी तरातरा देवळात गेलो आणि पूजेतला मुद्गल उचलला, मास्तरांनी बॅट. (मुद्गलाला वीस वर्षांत हात लावला नव्हता, हे उचलल्यावर आठवलं.) माझं मनगट मुरगळलं, मास्तरांचा चष्मा फुटला, आणि आम्हाला धरून घरी पोचवलं ते त्या दोन टोळ्यांनी मिळून. काल अख्ख्या आळीनं एकमेकांना सोनं दिलं. आम्हा दोघांना पुजाऱ्यानंही दिलं नाही. पोरं मर्यादेनं वागली, म्हाताऱ्यांनी देव बाटवला, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला.

तेव्हा कार्ट्याला ठेवून घे. नाही म्हणू नकोस.

तुझा दत्तोजी

ता. क. भुजंगला पाठवत नाही. तो नवमीपासून माझ्याशी बोलतच नाही, मग जा म्हणून तरी कसं सांगू? तुझं तो ऐकतो. त्याला एक ओळ लिही, बापाशी बोल म्हणून. खरं तर हे पत्र त्यासाठीच आहे.

आणखी एक. मनगट सुजल्यामुळे हे मी सांगतोय आणि लिहितोय प्राणेश (आळीत वाढल्यानं त्याला आपली मराठी येते). आपल्या बापाबद्दलचं त्यानं सगळं मुकाट्यानं लिहिलं, 'बापाशी बोल' या ओळीला मात्र थांबला. तोही मास्तरांशी बोलत नाही. चष्म्याशिवाय मास्तरांना दिसत नाही, म्हणून त्यांचंही पत्र त्यांच्या बहिणीला चाललंय आणि लिहायला भुजंग बसलाय. मजकूर असाच आहे म्हणे. मी पोराच्या एका शब्दासाठी तळमळतोय, हे प्राणेशनं त्याला सांगितलं नाही तर बरं. सांगितलं तर फार बरं.