अक्कांची कळशी

भडगाव, १४ मे १९८९

गावातल्या विहिरींचं पाणी मी तपासलं, त्याचा निकाल आज अक्कांना सांगितला: केळीला दिलेल्या युरियाचं नायट्रेट तुमच्या विहिरीत झिरपलंय, त्याने तान्हं बाळ निळं पडू शकतं. नातवाच्या दुधात त्या रोज तेच पाणी उकळून घालत होत्या. उकळून नायट्रेट जात नाही, उलट वाढतं. चांगलं पाणी फक्त बौद्धवाड्यातल्या विहिरीचं. एवढं मी कोरड्या आवाजात बोलले.

अक्कांचे यजमान, नाना, ओट्यावरून म्हणाले, "तठून पानी आनशी? लोके काय म्हनतीन?"

अक्कांनी कळशी उचलली. "नातू लोकेस्ना नही, मना शे." माझा आहे, म्हणाल्या.

आणि भर उन्हात, सगळ्यांदेखत गेल्या.

ती कळशी डोळ्यांसमोरून हलत नाही. मीही अशाच बौद्धवाड्यात वाढले, हे त्यांना ठाऊक नाही. का नाही सांगितलं? उद्या सांगेन. आणि त्या कळशीतलं पेलाभर पाणी प्यायला मागेन.