एका जर्मन क्रियापदापायी

प्रिय चिमे,

सकाळी तुझा फोन झाला आणि मी कामाला बसले. बॉयलरच्या जर्मन माहितीपुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. त्यात बजावलंय, की व्हॉल्व्ह नीट चालत असेल तर त्याला हात लावू नका, उगाच 'फेअरश्लिमबेसर्न' कराल. तीस वर्षं जर्मनमध्ये काढली, पण हे क्रियापद कधी समोर आलं नव्हतं. कोश काढला. 'फेअरबेसर्न' म्हणजे सुधारणं, 'फेअरश्लिमर्न' म्हणजे बिघडवणं. कुणा मिश्किलाने दोन्ही एकमेकांत कोंबली नि अर्थ झाला, सुधारायला जाऊन बिघडवून ठेवणं. त्यातल्या 'श्लिम'चा अर्थ आज वाईट, पण मुळात नुसतं तिरकं, वाकडं. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसूनच राहिले.

चार वर्षांची असताना तू 'प'वर अडखळायचीस. तुझे बाबा म्हणायचे, "अगं, बोलू दे तिला. येईल गाडी रुळावर." पण मी कसली ऐकतेय! तुला आरशासमोर उभी करून एकेक शब्द दहादा घोटून घ्यायचे. पाहुण्यांसमोर तुझी वाक्यं मीच पुरी करायचे. सातव्या वर्षी तू पाणी मागेनाशी झालीस; उठायचीस आणि स्वतः घ्यायचीस. मी शेजारणीला ऐटीत सांगितलं, "बघा, गेलं की नाही अडखळणं!" अडखळणं कुठलं गं, बोलणंच गेलं होतं.

एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना तू बाबांना शाळेतली गंमत सांगत होतीस. अडखळत, पण खदखदून हसत. मी दाराआड उभी होते. माझी चाहूल लागली आणि तू गप्प झालीस. हे मी कुणालाच सांगितलं नाही, बाबा जाईपर्यंत त्यांनाही नाही.

आज तू म्हणालीस, "आई, माझी छोटी अडखळायला लागलीय. तू एवढ्यात येऊ नकोस." मी "बरं" म्हणून फोन आपटला. दुपारपर्यंत धुसफुसत होते. आता राग नाही. तुझं बरोबर आहे, एवढंच सांगायला हे पत्र. तू बोलावशील तेव्हाच येईन. छोटीला शब्द सापडायला लागेल तेवढा वेळ लागू दे, मी तोंड मिटून बसेन. जमेल की नाही ठाऊक नाही, पण बसेन. आणि मला सुनावायचं म्हणून तुझ्या मनात इतकी वर्षं जे साचलंय, तेही सांग. कितीही वेळ घे. मी मध्ये बोलणार नाही.

तुझीच,
आई