कानबाईच्या दिवशी उतरलेला ताप

पर्वत पाटिया, सुरत
४ ऑगस्ट २०२५, सकाळी

ती. दिपालीताईस,
गायत्रीचा सा. न. वि. वि.

तुझ्या आरोग्य उपकेंद्राकडचा मोबाइल टॉवर पुन्हा बंद दिसतो, म्हणून पत्र. काल आमच्याकडे आपली खानदेशातली कानबाई देवी बसली, आज दुपारी विसर्जन. सासूबाईंना गेल्या आठवड्यापासून ताप आहे, लघवीला जळजळही होते. पण कानबाईचं सोवळं मोडून दवाखान्यात येतील तर त्या आमच्या सरलाबाई कसल्या? विसर्जनाला कानबाई डोक्यावर घेऊन तापीपर्यंत अनवाणी जायचा मान त्या कुणाला देत नाहीत. मी आपली दरवर्षी मागून गाणी म्हणते.

आज पहाटे मात्र ताप उतरला. अंग अगदी गार आहे, घाम सुटलाय, शांत पडून आहेत. कानबाईनेच ताप उतरवला असं हे म्हणतात. भाऊबंद हात जोडून जाताहेत. माझाही जीव भांड्यात पडला.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझी गायत्री

धडगाव
८ ऑगस्ट

चि. सौ. गायत्रीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आत्ता मिळालं. गायत्री, तो ताप उतरलेला नाही. जंतू रक्तात पसरले की अंग असं गार पडतं, माणूस गुंगीत जातं. आम्ही त्याला शॉक म्हणतो. रक्तदाब कोसळतो आणि शरीराला रक्त पुरेनासं होतं. कुणाला तो रक्त वाहून गेल्याने होतो, कुणाला जुलाबांनी, कुणाला हृदय थकल्याने, तर कुणाला मधमाशी चावूनही. सलाईन, अँटिबायोटिक आणि गरज पडली तर दाब वाढवणारं औषध लगेच लागतं. आडवंच ठेवा, गुंगीत तोंडात चहा-पाणी घालू नका, १०८ला फोन करा.

टेकडीवर चढूनही फोन लागला नाही. एसटीचा कंडक्टर भटू नंदुरबारला निघालाय. पत्र त्याच्याकडे देते, तिथून तुला फोनही करायला सांगितलंय. देव करो आणि तुम्ही आधीच निघालेले असा.

जिवाला जप.
तुझी ताई

सुरत
१४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

भटूचा फोन आला तेव्हा सासूबाई आयसीयूतच होत्या. तुला पत्र टाकलं त्याच दुपारी मी त्यांना विसर्जनासाठी उठवायला गेले, तर मलाच आपली आई समजून माय म्हणून हाक मारू लागल्या. सकाळपासून लघवीही झाली नव्हती. दवाखान्यात नेऊ म्हटलं, तर हे म्हणाले, आधी कानबाईला निरोप देऊ. तिला उचलणारीच घराबाहेर गेली तर भाऊबंद काय म्हणतील? त्या वादात बराच वेळ गेला. शेवटी मीच कानबाई डोक्यावर घेतली आणि ह्यांना सांगितलं, आता तुम्ही तुमच्या आईला उचला. तेव्हा कुठे रिक्षा बोलावली.

तू लिहिलेलं सगळं झालं. सलाईन, औषधं, सगळं. आता दाब आपला आपण टिकतोय. पण पायांपर्यंत रक्त पोचलं नाही. बोटं काळी पडली आहेत, ती काढावी लागतील. आधी आणलं असतं तर बोटं कदाचित वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकल्यापासून हे धड जेवत नाहीत. सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही.

काल त्या नीट शुद्धीवर आल्या. पहिलं हेच विचारलं की कानबाई कुणी उचलली. मी म्हटल्यावर रागावतील असं वाटलं होतं, पण माझा हात धरून हसल्या. पुढल्या श्रावणात दोघी मिळून अनवाणी नेऊ, म्हणाल्या. मी हो म्हणाले आणि चादर त्यांच्या पावलांवर नीट ओढून घेतली.

जमेल तशी ये. मला तू हवी आहेस.
तुझी गायत्री