तिसरा अर्जदार

तीर्थस्वरूप दाजींना साष्टांग नमस्कार (पाठ धरली असल्यामुळे तूर्त कागदावरच). तुमचा गुडघा आणि ताईचा खोकला यांपैकी सध्या कोण पुढे आहे, ते कळवावे. आम्ही ठीक.

पत्रास कारण, घरातला कॉम्प्युटर. सौ.ला शाळेतल्या तीस वर्षांच्या आठवणी लिहायच्या होत्या. ती सांगणार आणि मी टाइप करणार, असं ठरलं. (निवृत्तीनंतर किराणा सोडून मला मिळालेलं हे पहिलंच काम, त्यामुळे मी खुशीत होतो.) दुकानदार म्हणाला, लिहिण्याची सॉफ्टवेअर दोन, एक विकतचं आणि एक फुकटचं. दुसऱ्या कुणी डोळे मिटून एक घेतलं असतं. पण मी छत्तीस वर्षं हेडक्लार्क होतो. तुलनात्मक तक्त्याशिवाय आमच्या ऑफिसात पायपुसणंसुद्धा आलं नाही. शिवाय नियमाप्रमाणे अर्जदार किमान तीन हवेत. तिसरा मिळेना, म्हणून रकाना भरण्यापुरतं 'वही-पेन' लिहिलं.

तक्ता विकतच्यावर केला, कारण ते महिनाभर वापरून बघायला मिळत होतं. जोडाक्षरं, समास, छपाई वगैरे एकेचाळीस मुद्दे काढले. अडतिसाव्या मुद्द्यावर महिना संपला आणि ते तक्त्याला हात लावू देईना, नुसतं बघा म्हणे. मग तोच तक्ता फुकटच्यात उघडला, तर रकाने एकमेकांच्या अंगावर चढलेले आणि वही-पेनाला 'आपोआप शुद्धलेखन तपासणी'त दहापैकी नऊ गुण. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सौ. रोज चहाच्या वेळी विचारायची, "ठरलं का हो?" मी सांगायचो, "विचाराधीन आहे." पुढे तिने विचारणं सोडलं. मला वाटलं, पद्धत पटली.

काल निकाल लागला. फुकटचं अर्ध्या गुणाने जिंकलं. तिला सांगायला गेलो, तर ती पेनाला टोपण लावत होती. पाच वह्या भरून झाल्या होत्या.

ताईस नमस्कार.

आपला,
ताईचा धाकटा

ता. क. : ती भाजी आणायला गेली असताना वह्या चाळल्या. शाळेच्या शिपायावर तीन पानं आहेत. माझ्यावर एकच वाक्य : 'हे अजून ठरवताहेत.' खरं सांगतो, वाईट वाटलं.

ता. क. २ : वह्या ती टाइपिंगसाठी तुमच्याकडे पाठवणार आहे, कारण तुमचा हात बसलेला. दाजी, पाया पडतो, गुडघ्याचं निमित्त सांगून नाही म्हणा. (टाइपिंगला गुडघा लागत नाही म्हणाली, तर ताईचा खोकला सांगा.) ते काम मला हवंय. माझ्यावरचं वाक्यसुद्धा जसंच्या तसं उतरवीन, शब्द देतो. फक्त कोणत्या फाँटात, तेवढं ठरायचंय.